महिनाभराची गाडी

सिग्नल पिवळा झाला आणि बाईंच्या डाव्या पायाने क्लच दाबला. या गाडीला क्लच नव्हता. त्या जागेपर्यंत पसरलेला रुंद ब्रेक होता, आणि क्लचवर टाकायचा सगळा जोर त्यावर पडला. गाडी जागच्या जागी थिजली. पट्टा खांद्यात रुतला. मागच्या सीटवरची पाण्याची बाटली पुढे आली, बाईंच्या कोपराला लागली आणि पायाशी गडगडत गेली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दाबला तो बोट तिथेच विसरून गेल्यासारखा. बाईंनी आरशात पाहिलं. नात बसली होती तशीच होती, पट्टा नीट, केस तेवढे डोळ्यांवर आलेले. रडली नव्हती, घाबरलीही नव्हती. तोंड मात्र एवढंसं झालं होतं.

"गेले," ती म्हणाली. "आजी, दोन मार्क गेले."

नातीला घरात मुंगी म्हणत. नऊ वर्षांची पोर, सतत काहीतरी हातात धरून लगबगीने कुठेतरी निघालेली. तिच्या दृष्टीने ही गाडी म्हणजे एक शाळाच होती, कारण ती मार्क द्यायची. ब्रेक किती वेळा कचकन दाबला, वळणावर वेग किती होता, हे सगळं गाडी स्वतःच टिपून ठेवायची आणि संध्याकाळी बाईंच्या मुलाच्या फोनवर शंभरपैकी मार्क यायचे. मुंगी ते जेवणाच्या टेबलाशी मोठ्याने वाचायची. पहिल्या दिवशी एकसष्ट आले. "एकसष्ट म्हणजे पास असतं गं आजी," अशी तिने समजूत घातली, तेव्हा सून ताटाकडे बघत हसली आणि बाईही हसल्या. हसताना त्यांना जाणवलं की आपले गाल दुखताहेत. एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली, त्यांच्यातल्या कितीतरी जणी आता आपापल्या सुनांना शिकवत असतील, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आपल्याला एकसष्ट.

गाडी विकत घेतलेली नव्हती. मुलाने ती महिन्याच्या बोलीवर आणली होती. विजेवर चालणारी गाडी, एक महिना वापरायची, आवडली तर फोनवरच्या एका बटणाने बोली पुढे चालू ठेवायची, नाहीतर दुसरं बटण दाबायचं, कंपनीचा माणूस येऊन घेऊन जातो. तोच माणूस पहिल्या दिवशी गाडी सोडायला आला होता, टक्कल पडलेला, गोड बोलणारा. बाई ज्याला एकवीस तास घ्यायच्या ते त्याने वीस मिनिटांत उरकलं. दोनच पॅडल आहेत, मावशी. एक दाबलं की पुढे जाते, त्यावरचा पाय उचलला की आपोआप मंदावते, थांबली की स्वतःच धरून ठेवते. गाडी चालू झाली हे कसं कळायचं, असं बाईंनी विचारलं, तर त्याने काचेवरचं एक हिरवं अक्षर दाखवलं. आणि आवाज? आवाज नसतोच, तो म्हणाला, तीच तर मजा आहे. मग जाता जाता मुलाकडे वळून म्हणाला की हिच्यात शिकण्यासारखं काही नाहीच. बाईंना ते वाक्य आवडलं नाही. ज्यात शिकण्यासारखं काही नाही त्यात चुकण्यासारखंही काही नसायला हवं, आणि तसं जगात एकही यंत्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

पण खरी टोचणी वेगळीच होती. गाडी येण्याच्या आदल्या रविवारी टेबलाशी सगळं ठरलं होतं. सुनेची कामाची वेळ बदलली होती, ती आता सकाळी सहालाच घराबाहेर पडणार होती. मुंगीला शाळेत सोडायचं आणि आणायचं कोणी, हा प्रश्न होता. बाई म्हणाल्या, मी आहे की. त्यावर मुलाने सुनेकडे पाहिलं. त्या क्षणात बाईंना फाटकाचा खांब दिसला. इमारतीच्या फाटकाचा तो खांब तीस वर्षं एकाच जागी होता आणि दोन महिन्यांपूर्वी बाईंनी दिवसाढवळ्या त्याला आधीच्या गाडीचं दार घासलं होतं. मुलगा तेव्हा एका शब्दाने बोलला नव्हता. त्याने दार रंगवून आणलं आणि पुढच्याच आठवड्यात, आता जुनी झाली म्हणून, गाडी विकून टाकली. रागावला असता तर बरं झालं असतं. टेबलाशी तो म्हणाला, "एक महिना बघू या. महिन्याभरात कळेल."

"काय कळेल?" बाईंनी विचारलं.

"जमतंय का ते."

कोणाला जमतंय, हे त्याने सांगितलं नाही. म्हणजे वरवर पाहिलं तर गाडी बघायला आणली होती, पण बघण्याचा कार्यक्रम तिचा नव्हता. महिना संपेपर्यंत बाई पास झाल्या तर सकाळ-दुपारची मुंगी त्यांची, शाळेचा रस्ता त्यांचा, किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर त्यांच्या हाताच्या उंचीवर. नाही झाल्या तर गाडी परत जाईल आणि तिच्या जागी दुसरी येणार नाही. हे कोणी बोललं नव्हतं, पण कळलं सगळ्यांना होतं. मुंगीलाही बहुतेक कळलं होतं, नाहीतर दोन मार्कांसाठी तिचा चेहरा एवढासा झाला नसता.

बाईंच्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक होते. त्यांचे स्वतःचे. एकतीस वर्षं बाई तिथे बसल्या, दोन्ही पाय दोन पॅडलच्या वर, जेमतेम अर्धा इंच हवेत. पायांना सवयच लागली होती तशी. लग्नात, दवाखान्यात, नवरा गेल्यानंतरच्या त्या भेटायला येणाऱ्या माणसांच्या दिवसांत, कुठेही खुर्चीवर बसलं तरी टाचा जमिनीवर आणि चवडे वर. नवरा असताना चेष्टा करायचा, की तुझ्या पायांना कधी सुट्टीच नाही. बाईंची शिकवण्याची एक पद्धत होती आणि गावभर ती माहीत होती. पाचव्या दिवशी त्या एक पिवळं फडकं काढायच्या आणि समोरचे सगळे काटे झाकून टाकायच्या. बघू नका, म्हणायच्या, ऐका. गाडी बोलते. तिला दम लागला की ती सांगते, कंटाळली की सांगते, गिअर बदला म्हणून तर ओरडून सांगते. सुरुवातीला बायका भांबावायच्या. एक शिंपीण होती, पन्नाशीची, तिला आकडे वाचता येत नव्हते आणि त्याची तिला फार लाज होती. फडकं टाकल्या दिवशी ती सगळ्या वर्गात पहिली आली. बाई, ही तर माझ्या मशीनसारखीच बोलते, असं म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बाईंनी जन्मभर जपून ठेवला होता. कानाने शिकलेली माणसं गाडी चालू ठेवून कधी उतरत नाहीत, बंद समजून कधी पाय टाकत नाहीत. त्यांना शिकवताना घाई करावी लागत नाही, रागवावं लागत नाही, फक्त थांबावं लागतं. थांबणं हा बाईंचा खरा हुन्नर होता. शंभर वेळा गाडी बंद पडली तरी त्या म्हणायच्या, असू दे, परत.

फक्त एकाच विद्यार्थ्यापुढे तो हुन्नर चालला नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना त्यांनी त्याला शिकवायला घेतलं आणि दर वळणावर, दर सायकलवाल्यापाशी, त्याने ब्रेक दाबायच्या आधी यांचा पाय खाली जायचा. त्या ठरवून बसायच्या, आज नाही, आणि पाय जायचाच. परक्या बायकांच्या बाबतीत अर्धा इंच वर राहणारा पाय पोटच्या पोरासाठी हवेत राहीना. परीक्षेला शेजारी दुसराच माणूस बसला तेव्हा पोराला कुठे थांबायचं हेच ठाऊक नव्हतं. तो नापास झाला. घरी येऊन शांतपणे म्हणाला, "आई, मी कधी थांबवलीच नाही गं गाडी. दर वेळी तू थांबवलीस." मग शेजारच्या गल्लीत दुसऱ्या एकाकडे तो महिनाभर गेला आणि शिकला. छान चालवतो. पण त्या दिवशीच्या त्याच्या वाक्यात राग नव्हता, म्हणूनच ते अजून जुनं झालं नव्हतं.

आता दुसरा ब्रेक त्याच्याकडे होता. अगदी ब्रेक नाही, पण फोन. ऑफिसात बसल्याबसल्या त्याला गाडी कुठे आहे ते दिसायचं, किती वेगात आहे ते दिसायचं, चार्जिंग किती उरलंय तेही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सहाव्या दिवशी सकाळी सव्वादहाला फोन आला, की आई, पोस्टाजवळ अकरा मिनिटं थांबली होतीस, सगळं ठीक ना? बाई म्हणाल्या, हो, ठीक आहे. त्या का थांबल्या होत्या हे सांगितलं नाही. गाडी चालू आहे की बंद हे कळेना म्हणून थांबल्या होत्या. काचेवर हिरवं अक्षर होतं, पण डोळ्यांना दिसलेलं कानांना पटत नव्हतं. त्यांनी काच खाली केली, कान बाहेर काढला. रस्ता ऐकू आला, कोणाच्या तरी घरातलं भांडं पडलेलं ऐकू आलं, स्वतःचा श्वास ऐकू आला. गाडी ऐकू आली नाही. एखाद्या माणसाशेजारी बसावं, तो जिवंत आहे की झोपलाय की गेलाय हे कळू नये आणि विचारायची चोरी, तसं झालं. शेवटी त्यांनी बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली. नऊ, दहा, अकरा मिनिटं.

पण त्या हाडाच्या शिक्षिका होत्या. आपल्यासारख्या विद्यार्थिनीला आपण काय सांगितलं असतं, याचा त्यांनी विचार केला. दुसऱ्या दिवसापासून डाव्या पायातली चप्पल काढून तो अनवाणी पाय सीटच्या खाली दुमडून ठेवायला लागल्या. कोपऱ्यात उभ्या केलेल्या व्रात्य पोरासारखा. पाय तिथे चुळबुळ करायचा, दर सिग्नलला उठायला बघायचा, पण बाई मनात म्हणायच्या, बस. हळूहळू मार्क चढले. बहात्तर. एक्याऐंशी. अठराव्या दिवशी ब्याण्णव. मुंगीने ते वाचून दाखवताना खुर्चीवर उभं राहायची परवानगी मागितली. सून म्हणाली की आई, तुम्ही तर आम्हाला मागे टाकलंत. मुलाने बाईंच्या ताटात न विचारता वाढलं, आणि बाईंना एकदम चौथीत असल्यासारखं वाटलं, पहिल्या बाकावर बसवल्यासारखं. त्यांना ते सुख आवडलं आणि आवडलं याचा राग आला. आयुष्यभर त्या पालकांना सांगत आल्या होत्या की मार्कांकडे बघू नका, पोराच्या हातांकडे बघा. आणि आता संध्याकाळ झाली की त्यांचंच लक्ष मुलाच्या खिशाकडे लागायचं.

सव्विसाव्या दिवशी, गुरुवारी, त्या दुपारी शाळेच्या फाटकाशी पोचल्या. गाड्यांची रांग होती. पुढची जागा मोकळी झाली तशी त्या पुढे सरकल्या आणि थांबल्या. गाडी शांत होती. शांत म्हणजे बंद. एकतीस वर्षांच्या कानाने तसं सांगितलं आणि बाईंनी ते ऐकलं. त्यांनी पट्टा काढला. मुंगी धावत आली, तिच्या हातात पुठ्ठ्याचं मोठं घर होतं, वर्गात केलेलं, छप्पर अजून ओलं. मागचं दार उघडून ती घर आत सरकवायला लागली, पण छप्पर अडकत होतं. थांब, मोडशील, मी घेते, असं म्हणत बाई सीटवर वळल्या, दोन्ही हात मागे केले, आणि अंग वळवायला जोर हवा म्हणून उजवा पाय खाली रेटला.

गाडी पुढे गेली. आवाज नाही, हिसका नाही. पाण्यात सोडलेल्या होडीसारखी ती पुढे गेली. बाईंना आधी वाटलं की फाटकच मागे सरकतंय. मग मुंगीचा हात दारावरून सुटलेला दिसला, तिचं तोंड उघडलेलं दिसलं, आणि मग गाडी थांबली. दोन हात, फार तर अडीच हात. बाईंनी मान पुढे वळवली. समोर रस्ता रिकामा होता. मग गाडीच्या नाकाशी, अगदी खालून, एक डोकं वर आलं. दोन वेण्या. पहिली-दुसरीतली मुलगी. तिची कंपासपेटी सांडली होती, ती खाली बसून पेन्सिली वेचत होती. तिने खोडरबर उचललं, फुंकून स्कर्टला पुसलं, गाडीच्या नंबराकडे उगाच पाहिलं आणि चालत निघून गेली. तिला काही कळलं नव्हतं. फाटकाशी उभ्या शिपाईबुवांनाही नाही. मागच्या गाडीतली बाई फोनवर बोलत होती. उन्हात सगळं जसंच्या तसं होतं.

बाईंनी हिरवं अक्षर पाहिलं. बटण दाबून ते घालवलं. मग त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर होता. डावाही होता, अनवाणी, उजव्याच्या शेजारी. कुठला आधी आला? की दोन्ही नंतर आले आणि पाय उचलला म्हणून गाडी आपणहून थांबली? की समोर काही आहे हे तिलाच कळलं? बाईंनी आठवायचा प्रयत्न केला आणि तिथे काहीच नव्हतं, कोरी पाटी. त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला तो यामुळे. कारण एकतीस वर्षांत गाडी थांबली की त्या पहिला प्रश्न हाच विचारायच्या, कोणी थांबवली? तुम्ही की मी? उत्तर दोनपैकी एक असायचंच. ज्या विद्यार्थिनीला ते सांगता येत नसे तिला त्या प्रेमाने, न रागावता, पहिल्या धड्यावर नेऊन बसवायच्या.

मुंगीने घर आत ठेवलं, स्वतः बसली, पट्टा लावला. बाई सायकलच्या वेगाने चालवत होत्या. दवाखान्याच्या वळणावर मुंगी म्हणाली, "आजी, मी बाबांना सांगणार नाही." बाईंनी ऐकलं. काहीतरी बोलायला हवं होतं, तेवढ्यात सिग्नल आला, मग चौक आला, मग घर आलं. बोलणं राहिलं असं त्यांनी स्वतःला सांगितलं, पण राहिलं नव्हतं, ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी अठ्ठ्याण्णव आले. मुलाने स्वतः वाचून दाखवले. मुंगी खुर्चीवर उभी राहिली नाही. ती गृहपाठ आहे म्हणून लवकर उठली. मुलगा म्हणाला की रविवारी बटण दाबून टाकतो, बोली पुढे चालू, आता वर्षभराची घेऊ. सुनेने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताच्या उबेत बाईंना सरळ दिसलं की आपल्याला हवं होतं ते मिळालेलं आहे. फक्त गप्प बसायचं. गाडीने पाहिलं नाही, शिपायाने पाहिलं नाही, जिच्या जिवावर बेतलं तिनेही पाहिलं नाही. आणि काही झालं तर नव्हतंच. यापुढे त्या दहा वेळा हिरवं अक्षर बघतील, वीस वेळा बघतील. चूक एकदाच होते, असं त्या स्वतःला समजावत होत्या, आणि त्याच वेळी त्यांच्यातल्या बाई शेजारच्या सीटवर बसून शांतपणे म्हणत होत्या, की चूक एकदाच होते असं मला म्हणणाऱ्या सगळ्या जणी माझ्या लक्षात आहेत.

शुक्रवारी सकाळी मुंगी गाडीत बसताना म्हणाली, आजी, हिरवं आहे का? बाई म्हणाल्या, आहे. शाळेशी थांबल्यावर म्हणाली, गेलं का? गेलं. मी उतरू? उतर. आवाज अगदी बाईंचा होता, शिकवतानाचा, न रागावता विचारलेला. बाईंना हसू आलं, कौतुकही वाटलं. पण दुपारी परत येताना त्यांना मागून एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. गाडी बोलत नव्हती म्हणूनच तो ऐकू आला. सिग्नल जवळ आला की टप्. समोर सायकल आली की टप्. बाईंना वाटलं दप्तराचं बक्कल असेल. त्यांनी आरसा खाली वळवला. मुंगी सीटच्या कडेला सरकून बसली होती, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून, डोळे रस्त्यावर. बाहेर काय चाललंय, कोण चाललंय, कुठलं कुत्रं कुठे झोपलंय हे रोज ओरडून सांगणारी पोर एका शब्दाने बोलत नव्हती. आणि तिचा बूट, जिथे काहीच नव्हतं त्या पायाखालच्या मॅटवर, दर गाडीला, दर माणसाला, खाली जात होता.

तो पाय बाईंच्या ओळखीचा होता. एकतीस वर्षं रात्रीच्या झोपेतसुद्धा अर्धा इंच वर राहणारा, कधी सुट्टी न मिळालेला पाय. त्यांनी तो पगारासाठी घेतला होता, राजीखुशीने, मोठ्या वयात. या पोरीला तो फुकट मिळाला होता, आजीकडून, आणि वर कोणाला सांगायचं नाही या अटीसकट. अट आपण घातली नव्हती हे खरं. पण ती घातली गेली तेव्हा आपण गप्प बसलो हेही खरं. शनिवारी शाळा नव्हती. त्या दिवशी बाईंनी किल्ली खिळ्यावरून काढली नाही. दिवसभर त्या कपाट आवरत बसल्या आणि आवरलेलं पुन्हा आवरलं. मुंगी दोनदा येऊन डोकावून गेली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मुलाने फोन काढला. सून भांडी पुसत होती, मुंगी तिच्या पुठ्ठ्याच्या घराला खिडक्या कापत होती. बाई म्हणाल्या, जरा थांब. मग त्यांनी गुरुवारचं सगळं सांगितलं, धडा सांगावा तसं, क्रमाने. गाडी चालू होती, मला बंद वाटली. पट्टा काढला. मागे वळले. पाय पडला. समोर मूल होतं. मुलगा ऐकत होता, पण त्याचा अंगठा फोनवर फिरत होता, तो गुरुवार शोधत होता.

"इथे काही नाही, आई. अठ्ठ्याण्णव आहेत."

"तिथे नसणारच. दोन हात तर गेली."

"मग थांबली ना?"

"थांबली. कोणी थांबवली ते मला माहीत नाही."

यावर त्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, आणि तो एकोणीस वर्षांचा दिसला. सुनेने पुसलेली ताटली पुन्हा ओल्या भांड्यांत ठेवली. आणखी कोणी पाहिलं का, असं मुलाने विचारलं, तेव्हा कात्री थांबली.

"मी सांगितलं नाही हं," मुंगी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "आजी, मी नाही सांगितलं."

बाई उठून तिच्याजवळ गेल्या. गुडघे कुरकुरत खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तू सांगायला हवं होतंस. पण तुझ्या आधी मी. त्याच दिवशी, गाडीतून उतरायच्या आधी. उशीर माझा झाला, तुझा नाही." मुंगीने कात्री खाली ठेवली आणि रडायला लागली, हमसून, तीन दिवसांचं. सून पुढे आली होती, ती तिथेच थांबली.

नंतरचं बोलणं साधं झालं. मुलगा खिडकीशी जाऊन उभा राहिला. सून म्हणाली की उद्याचं काय, उद्या तर सोमवार. बाई म्हणाल्या की शाळेची व्हॅन आहे, तिच्यात नाव घाला, गाडीत पोरीला माझ्या भरवशावर बसवू नका. मुलाने विचारलं, आणि तू? शिकेन परत, त्या म्हणाल्या, कोणी शिकवणारं मिळालं तर, रिकाम्या मैदानात, मागे कोणी न बसवता. नाही आलं तर नाही. तू बोलली नसतीस तर मला कधी कळलंही नसतं, असं मुलगा पाठमोराच म्हणाला, आणि बाईंना ते परक्या माणसाने म्हटल्यासारखं ऐकू आलं. मग त्याने फोनवरचं बटण दाबलं. गाडी गुरुवारी जाणार होती. कुठलं बटण दाबलं ते बाईंनी बघितलं नाही, गरज नव्हती.

व्हॅन बुधवारपासून येणार होती. सोमवारी मुलगा ऑफिसला उशिरा जातो म्हणाला आणि त्यानेच गाडी काढली. मुंगीने दार धरून ठेवलं आणि आजी येणार असेल तरच बसेन म्हणाली. बाई सवयीने पुढच्या दाराकडे गेल्या, तर तिथे त्याची ऑफिसची बॅग, डबा, लॅपटॉप. त्या मागे बसल्या. आयुष्यात आपण कुठल्याही गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसलो होतो ते त्यांना आठवेना. समोर दोन सीटच्या पाठी, मधून रस्त्याची एक चिंचोळी फट. त्या फटीत त्यांनी नजर घातली. गाडी निघाली, काही न बोलता. पहिलं वळण मुलाने सावकाश घेतलं. पुढे हातगाडी होती. बाईंचे दात एकमेकांवर बसले, गाडी हातगाडीच्या मागे हलकेच मंदावली, हातगाडी गेली. मग एक म्हातारा रस्ता ओलांडायला उतरला. फटीतून त्याची फक्त काठी दिसत होती.

मुंगी पाठ टेकून बसली होती. दप्तर मांडीवर, पाय लोंबकळते. तिने आजीकडे पाहिलं, मग आजी बघत होती तिकडे पाहिलं, आणि बाईंची बाही ओढली.

"पुढे काय बघतेस? बाबा बघतायत पुढचं," ती म्हणाली. "इकडे बघ. आता एक घर येईल, त्याला अकरा मांजरं आहेत. पटकन मोजावी लागतात."

बाईंनी मान वळवायला घेतली. मान आखडलेली होती, वेळ लागला. काचेतून भिंती जात होत्या, कुंपणं, वाळत घातलेले कपडे, कोणाचं तरी अर्धं उघडं दार. गाडी कशाने तरी मंदावली. कशाने ते त्यांना दिसलं नाही.

"आलं," मुंगी म्हणाली. "मोज."